कीर्तनातल्या ‘खऱ्या घडलेल्या’ गोष्टी

माळावरचा

आमच्या गावच्या सप्ताहात यंदा एका महाराजांनी पंख्याची गोष्ट सांगितली. बऱ्याच जणांनी ऐकली असेल. मुलगा मोठ्या पगाराचा, आई वृद्धाश्रमात. आई जायला टेकलेली. मुलगा विचारतो, काही इच्छा? आई म्हणते, इथे पंखे बसव बाबा, आणि एक फ्रीज दे. "अगं, इतकी वर्षं काही बोलली नाहीस, आता जाताना कशाला?" तर म्हणते, "मी काढले रे दिवस. पण उद्या तुझी पोरं तुला इथे आणून टाकतील. तुला उकाडा सोसत नाही."

सगळ्या बायांचे पदर डोळ्यांना. माझ्याही घशात आवंढा आला, खोटं का बोला. इथवर माझी काही तक्रार नाही. पण महाराज जरा थांबले, विणेकऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "माउली, ही नुसती गोष्ट नाही. नाशिकला घडलेली सत्यघटना आहे. त्या पोराला मी स्वतः भेटलोय."

घरी येऊन यूट्यूबवर शोधलं. हीच सत्यघटना एका महाराजांकडे लातूरला घडलीय, दुसऱ्यांकडे कोल्हापूरला, एका हिंदी कथावाचकांकडे इंदूरला. आणि भेटलेत सगळेच.

दोन तास नुसतं तत्त्वज्ञान कुणी ऐकणार नाही, गोष्ट लागतेच, हे मलाही कळतं. आजी श्रावणात कहाणी सांगायची तेव्हा आटपाट नगर असायचं. तिथे एसटी जात नाही हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. तरी हातातल्या अक्षता कुणी मध्येच खाली टाकल्या नाहीत. तेव्हा गोष्ट रचा, हवी तशी रचा. पण नारदाच्या गादीवर उभं राहून ‘मी भेटलोय’ म्हणावं का? कीर्तन-प्रवचनाशी संबंध असलेल्यांनी लिहावं. महाराजांची नावं घेऊ नयेत ही विनंती. धागा त्यासाठी नाही.

चिंचोका

पहिला! शेंगा घेऊन बसलोय.

सासुरवाशीण

मला नाही पटलं. पंख्याची गोष्ट आमच्याकडेही झाली. माझ्या दिरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना फोन लावला, बऱ्याच महिन्यांनी. गोष्ट नाशिकची की लातूरची, यानं सासूबाईंना काय फरक पडतो? परिणाम झाला ना? कीर्तन म्हणजे काय कोर्टातली साक्ष आहे?

टाळकरी

सासुरवाशीण ताई, साक्षच आहे की. निदान वारकरी कीर्तनात तरी. मी गेली कित्येक वर्षं मागे टाळ घेऊन उभा राहतो, म्हणून तिथून काय दिसतं ते लिहितो.

अभंग घेतला, चाल झाली, महाराज चिंतनाला लागले, की प्रत्येक मुद्द्याला प्रमाण द्यावं लागतं. ज्ञानेश्वरीतली ओवी, तुकोबांचं चरण, नाथांचं, नामदेवांचं. महाराज पहिले दोन शब्द उच्चारतात आणि पुढचं आम्ही उचलतो. आता गंमत बघा. महाराजांनी चरण चुकवलं, तुकोबांचं नामदेवांच्या नावावर घातलं, की मागे लगेच चुळबुळ होते. एखादा जुना टाळकरी बरोबर चरण मोठ्यानं उचलतो आणि महाराजांना मुकाट त्याच्या मागे जावं लागतं. आमच्या फडावर एक म्हातारे होते, ते तर टाळच थांबवायचे. म्हणजे प्रमाणाला पहारा आहे, तोही पाठीशी उभा.

दृष्टांताला मात्र असा पहारा नाही. तिथे टाळ खाली जातात, मृदंगवाला पाणी पितो, आणि महाराज एकटे. पूर्वी ते चालून जायचं, कारण दृष्टांत म्हणजे ‘एक राजा होता’, ‘एक सावकार होता’. त्याचं काम समजावण्यापुरतं. तो काही सिद्ध करत नव्हता, सिद्ध करायला प्रमाण होतंच. हल्ली दोन तासांत प्रमाणं कमी आणि दृष्टांत जास्त झाले, आणि ज्या जागी प्रमाण यायला हवं तिथे ‘सत्यघटना’ येऊन बसली. माळावरच्यांना खटकलं ते हे, असं मला वाटतं.

तुकोबा स्वतः म्हणतात, सत्य असत्यासी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता. मंडप रडला म्हणजे बहुमत झालं, बाकी काही झालं नाही.

माळावरचा

टाळकरीबुवा, दंडवत. मला जे नीट मांडता येत नव्हतं ते हेच.

उत्तररंग

मी नारदीय परंपरेतला, अंगरखा-उपरणंवाला. आमच्याकडे हिशोब थोडा वेगळा आहे. पूर्वरंगात निरूपण, मध्ये नामजप, हार-बुक्का, आणि उत्तररंगात आख्यान. आख्यान रंगवायचंच असतं. सुदाम्याची बायको पोह्यांची पुरचुंडी बांधताना काय बोलली, हे प्रत्येक बुवांचं निराळं. माझे गुरुजी तिला शेजारणीकडे पोहे उसने मागायला पाठवायचे आणि त्या दोघींचं संभाषण दहा मिनिटं चालायचं. ते कुठल्याही पुराणात नाही, आणि समोरच्या श्रोत्याला ते पक्कं माहीत असतं. फसवणूक कुणाचीच होत नाही. नाटक बघायला आलेला माणूस नटाला खोटारडा म्हणत नाही.

घोटाळा कुठे सुरू झाला तर आख्यानाचा विषय पुराणातून इतिहासात आला तेव्हा. लोकमान्यांच्या काळात डॉ. दत्तोपंत पटवर्धनांनी राष्ट्रीय कीर्तन उभं केलं, त्या कामाचं मोल मोठं आहे, त्यात शंका नाही. पण सुदाम्याच्या बायकोला लावलेला रंग शिवाजी महाराजांच्या दरबाराला लावला, की तो रंग राहत नाही. श्रोता घरी जातो तो ‘महाराज असं म्हणाले’ असं धरून. पुढे ते भाषणात येतं, मग शाळेच्या फळ्यावर, आणि तिसऱ्या पिढीत कुणी पुरावा मागितला तर त्याच्या घरावर दगड.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ‘आपल्या परंपरेत असं चालतंच’ असं हमखास कुणीतरी लिहील. आपली निम्मी संतचरित्रं ज्यांच्यामुळे घरोघरी पोचली ते ताहराबादचे महिपती. भक्तविजय त्यांनी १७६२ साली पुरा केला. चमत्कार त्यात पानोपानी आहेत. पण पहिल्याच अध्यायात ते श्रोत्यांना सांगतात की हे मी माझ्या मनाने रचलं असं समजू नका. उत्तरेत नाभाजींनी भक्तांची चरित्रं लिहिली, माणदेशात उद्धवचिद्घनांनी लिहिली, ती दोन्ही एकत्र करून मी हा ग्रंथ सांगतोय. अडीचशे वर्षांपूर्वी, भाविक माणूस, भाविक श्रोते, कुणी विचारलेलंही नाही, तरी आधी आधार सांगितला. त्या आधारातलं किती इतिहासाला उतरतं हा वेगळा विषय. महिपतींनी स्वतःला साक्षीदार म्हणून उभं केलं नाही, एवढंच मला दाखवायचंय.

अर्धाशास्त्री

उत्तररंग यांचा प्रतिसाद आवडला, पण नाण्याची दुसरी बाजू मांडतो. मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावायच्या शास्त्रात, त्या वाक्यांचे विधी आणि अर्थवाद असे भाग पाडतात. अमुक कर, हा विधी. ते करावंसं वाटावं म्हणून केलेली स्तुती, सांगितलेली कथा, तो अर्थवाद. ‘यूप म्हणजे आदित्य’ असं वाक्य आलं तर यज्ञातल्या त्या खांबाला कुणी सूर्य समजत नाही, तो गुणवाद, म्हणजे गुणाच्या साम्यावरून केलेलं वर्णन. अर्थवाद शब्दशः खरा असायची अटच नाही, त्याचं काम विधीकडे ढकलायचं. भागवताच्या अकराव्या स्कंधात तर स्वतः भगवंत फलश्रुतीबद्दल म्हणतात की ती रोचनासाठी, मुलानं औषध घ्यावं म्हणून दाखवलेल्या खाऊसारखी. नाथांनी त्यावर विस्तारानं लिहिलंय. मग पंख्याची गोष्ट अर्थवाद समजा आणि विधी घ्या: आईला सांभाळा. संपलं.

टाळकरी

शास्त्रीबुवा, पण ज्यांनी अर्थवाद मानला त्यांनी त्याला अर्थवाद असं तोंडावर म्हटलं. कुठलं वाक्य विधी आणि कुठलं अर्थवाद हे उकलण्यातच त्यांची हयात गेली. भागवतात भगवंत ‘हा खाऊ आहे’ असं उद्धवाला सांगतायत, लपवत नाहीत. आमच्या मंडपात कोण सांगतं?

अर्धाशास्त्री

हं. उद्धव शहाणा होता, मंडपात पाचशे माणसं असतात. पण मुद्दा पोचला.

पक्षीवेडा

आमच्या एका पाखराची बदनामी या क्षेत्रात वर्षानुवर्षं चालू आहे, तिची नोंद घ्यावी.

गरुडाची गोष्ट. चाळिसाव्या वर्षी म्हणे गरुडाची चोच वाकते, नखं बोथट होतात, पिसं जड होतात. मग तो डोंगरावर जातो, चोच खडकावर आपटून तोडतो, नवी चोच आली की तिनं नखं उपटतो, नवी नखं आली की पिसं उपटतो, आणि दीडशे दिवसांनी नवा होऊन आणखी तीस वर्षं जगतो. प्रवचनात ऐकली, कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये ऐकली, विमा एजंटांच्या मेळाव्यात ऐकली. दरवेळी ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ हे शेपूट असतंच.

यातलं एक अक्षर खरं नाही. रानातल्या सोनेरी गरुडानं तीस वर्षं ओलांडणं हेच विरळा, सत्तर कुठून आणायची? चोचीच्या आत हाड असतं, वर नखासारखं कवच. कवच वापरानं झिजतं आणि सतत वाढत राहतं, त्यामुळे बोथट होऊन बसायचा प्रश्नच येत नाही. आतलं हाड मोडलं तर ते परत येत नाही. शिकारी पक्ष्याची चोच गेली म्हणजे त्याला मांस फाडता येत नाही, आणि उपाशी गरुड दीडशे दिवस कुठला काढतोय. पिसं तो दरवर्षी थोडी थोडी टाकतो, ऋतूप्रमाणे, उडणं न थांबवता. सह्याद्रीत सर्पगरुड घिरट्या घालताना दिसतो, पंखात एखाद-दुसऱ्या पिसाची फट असते, ती बघा. पुनर्जन्म तिथे चाललेला असतो, बिनबोभाट.

तसाच तो बेडूक. पाणी हळूहळू तापवलं की बसून राहतो आणि मरतो, म्हणून व्यसनापासून वेळीच सावध व्हा. जर्मनीत १८६९ साली गोल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं हा प्रयोग केला. बसून राहिला तो मेंदू काढलेला बेडूक. धडधाकट बेडूक पाणी तापायला लागताच सुटायची धडपड करत होता. म्हणजे गोष्टीतला बोध घ्यायचा तर आधी मेंदू काढावा लागतो.

चिंचोका

शेवटच्या वाक्याला शेंगा ठेवून टाळ्या.

माझ्याकडून भर: इंग्रज अधिकारी मेकॉलेचं ते भाषण. ‘भारतभर फिरलो, एक भिकारी दिसला नाही, एक चोर दिसला नाही, यांचा कणा मोडायचा तर यांचं शिक्षण मोडा.’ २ फेब्रुवारी १८३५, ब्रिटिश पार्लमेंट. संस्कृतीवरच्या प्रत्येक व्याख्यानात आणि आता सप्ताहातसुद्धा. त्या तारखेला मेकॉले कलकत्त्यात होता. त्या तारखेचं त्याचं शिक्षणावरचं टिपण आहे आणि त्यात ही वाक्यं नाहीत. गंमत अशी, की त्या टिपणात त्यानं आपल्या ग्रंथांबद्दल जे खरंच लिहिलंय तेच इतकं उर्मट आहे, की संताप आणायला खोटं रचायची गरजच नव्हती.

आणि नासा. नासाला कीर्तनातून सुट्टी द्या आता.

वसईकर

आमच्याकडे चर्चच्या मिस्सात फादरांचं प्रवचन दहा-पंधरा मिनिटांचं, पण आजार तोच. येशूनं दाखले दिले ते बहुतेक ‘एका मनुष्याला दोन पुत्र होते’ छापाचे. नाव नाही, गाव नाही. दयाळू शोमरोनीच्या दाखल्यात यरुशलेम ते यरीहो असा रस्ता दिलाय, तरी वाटमारीचा गुन्हा कुठल्या चौकीत नोंदला असं दोन हजार वर्षांत कुणी विचारलेलं नाही. दाखला आहे हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला माहीत.

आणि मग ती रेल्वेच्या पुलाची गोष्ट. पूल उघडणारा बाप, मुलगा यंत्रात अडकलेला, गाडी येतेय. बाप मुलाचा बळी देतो आणि गाडीतली माणसं वाचवतो. देवानं आपला पुत्र दिला हे समजावण्यासाठी. अमेरिकेतून आलेल्या प्रवचनांत ती ‘सत्यकथा’ म्हणून येते. साल, नदी, बापाचं नाव सांगणाऱ्यागणिक बदलतं. माझ्या धाकट्या पोरीनं ती ऐकून मला विचारलं, "पप्पा, त्या काकांना पोलिसांनी पकडलं का?" मी काय उत्तर देणार? दाखला म्हणून सांगितली असती तर तिनं हा प्रश्न विचारलाच नसता.

चर्चच्या बाजूनं एक सांगायलाच हवं. १९६९ साली सार्वत्रिक दिनदर्शिका नव्यानं लावली तेव्हा संत ख्रिस्तोफरचा सण तिच्यातून काढला. त्याचं चरित्र म्हणून जे सांगतात ते बहुतेक दंतकथा. संतपद काढलं नाही, जिथे परंपरा आहे तिथे सण करायला मोकळीक ठेवली. प्रवास करणाऱ्यांचा संत तो. आमच्या इथले ड्रायव्हर अजून त्याचा बिल्ला गाडीत लावतात आणि मलाही तो बरा वाटतो. आधार कच्चा आहे असं वरून सांगितल्यानं कुणाची भक्ती आटली नाही.

नवखी

मी इथे फक्त वाचते, पण सासुरवाशीण ताईंच्या ‘काय फरक पडतो’ला उत्तर द्यावंसं वाटलं.

आमच्या आत्याबाईंनी एका सप्ताहात कर्करोग झालेल्या मुलीची गोष्ट ऐकली. नववीतली पोरगी, हरिपाठ म्हणत म्हणत सगळे उपचार सोसते, बाप हमाल. महाराज म्हणाले, पोरगी आज पुण्याच्या दवाखान्यात आहे, मी परवाच बघून आलो. आत्याबाई विधवा पेन्शनवर जगतात. कीर्तन संपल्यावर सगळे पाया पडायला गेले, या पाकीट घेऊन गेल्या. म्हणाल्या, हे त्या पोरीला पोचवा, आणि पत्ता द्या, मी भेटून येते. महाराज गडबडले. म्हणाले, माय, पैसे इथल्या अन्नदानाला द्या, तिला पोचल्यासारखंच आहे. आत्यांनी दिले. महाराजांनी स्वतः एक रुपया घेतला नाही, हेही लिहायला हवं.

पण आत्याबाई अजून विचारतात, त्या पोरीचं पुढे काय झालं असेल गं? एकादशीला तिच्या नावानं दिवा लावतात. आम्हाला कुणालाच त्यांना काही सांगायचा धीर होत नाही.

सासुरवाशीण

नवखी, हे वाचून जरा गप्प झाले. दिरांचा फोन मी अजूनही जमेतच धरते. पण दिरांना फोन लावायला नाशिक लागलं नव्हतं, पंखा पुरला होता. तेवढं मान्य.

फडावरचा_पोऱ्या

मी स्वतः कीर्तन करतो. आळंदीत शिकलो. वर जे लिहिलंय त्यातलं बरंचसं बरोबर आहे, पण हे होतं कसं ते बाहेरून दिसत नाही.

आम्ही गोष्टी पुस्तकातून पाठ करत नाही, मोठ्या महाराजांच्या मागे उभं राहून ऐकतो. ऐकलेली गोष्ट पाठ होते ती जशीच्या तशी, त्यातल्या ‘मी’सकट. मोठे महाराज म्हणाले ‘मी भेटलोय’, तर त्यांच्या चेल्याच्या तोंडीही तेच येतं, त्याच जागी, त्याच उसाशासकट. चेल्याला कधी वाटतही नाही की आपण काही खोटं बोललो. त्याच्या लेखी ती चाल आहे. म्हणून नाशिक, लातूर, इंदूर. मूळ मनुष्य कदाचित खरंच कुणाला तरी भेटला असेल, आता कुठे सापडायचा?

दुसरं, मागणी. सप्ताह कमिटीचा फोन येतो तेव्हा ‘कुठल्या अभंगावर बोलाल’ असं क्वचितच कुणी विचारतं. मागचे महाराज हसवणारे होते, यंदा रडवणारे पाहिजेत, असं तोंडावर सांगतात. वर क्लिप हवी. प्रमाणाची क्लिप कुणी पुढे पाठवत नाही, सत्यघटनेची एका रात्रीत जिल्हाभर जाते, आणि पुढच्या वर्षीच्या तारखा त्यावर ठरतात. दोष आमचा नाही असं म्हणत नाही. पण पाकीट भरणारे हात मंडपातलेच आहेत.

टाळकरी

खरंय पोऱ्या. आणि आम्ही मागे उभे राहून काही बोलत नाही, तेही त्यातच आलं.

माळावरचा

पोऱ्या महाराज, एक विचारू? ‘समजा, एक आई आहे’ अशी सुरुवात केली तर मंडप उठतो का हो?

फडावरचा_पोऱ्या

उठत नाही. पण एक फरक पडतो. ‘सत्यघटना’ म्हटलं की पहिल्या वाक्याला शांतता मिळते, फुकटात. ‘समजा’ म्हटलं की ती गोष्ट सांगून कमवावी लागते. आई कशी बसली होती, खिडकी कुठे होती, पोरगा घड्याळ कसा बघत होता, हे सगळं उभं करावं लागतं. ज्याला सांगता येतं त्याला काही अडत नाही. गाडगेबाबांचं मुंबईतलं शेवटचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, ऐका. समोरच्यालाच प्रश्न विचारतायत आणि त्याच्याच तोंडून वदवून घेतायत. कर्ज, दारू, नवसाचं बकरं. ज्याच्या दारात कर्ज आहे त्याला दुसऱ्या गावची सत्यघटना कशाला सांगायची?

उत्तररंग

अगदी. आणि चांगला बुवा ‘ऐकलेली गोष्ट आहे’ असं दोन शब्दांत सांगून पुढे जातो, त्यात रसभंग होत नाही. अवांतर: महानुभावांचा दृष्टांतपाठ कुणी वाचलाय का? चक्रधरांचे ११४ दृष्टांत केशोबासांनी संकलित केले. सूत्र वेगळं, दृष्टांत वेगळा, आणि तो सूत्राला कसा लागू पडतो ते दार्ष्टांतिक वेगळं. आंधळे आणि हत्ती त्यातच. आणि त्याच पंथात म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी ज्यांनी स्वामींना पाहिलं त्यांना विचारून विचारून आठवणी जमवल्या, आठवणींत फरक पडला तिथे कुणाचा पाठ कुठला तेही पोथ्यांमध्ये उतरलं. म्हणजे दृष्टांत एका पोथीत, घडलेलं दुसऱ्या पोथीत. तेराव्या शतकातली माणसं ही.

अर्धाशास्त्री

यावर वेगळा धागा काढा, हा भरकटेल.

नवखी

जाता जाता मदत हवी होती. माझ्या मुलाच्या शाळेत शनिवारी पालकसभा आहे, प्रेरणादायी व्याख्याते येणार आहेत, आणि पत्रिकेवर चक्क गरुडाचं चित्र आहे. काय करू?

पक्षीवेडा

शेवटी प्रश्नोत्तरं ठेवली असतील. मुलाला हात वर करायला सांगा आणि विचारू दे, "सर, चोच नसताना गरुड पाच महिने काय खात होता?" मी येऊ का? शाळा कुठली?

चिंचोका

शेंगा संपल्या. शनिवारपर्यंत धागा वर ठेवा रे.